जुन्या संगणकास नवें पोर्ट : बाह्य डिस्कांसाठीं कार्ड कसें बसवावें

१. प्रयोजन

जुनीं दप्तरें, पोथ्या व बाडें जमविणाऱ्या मंडळींपैकीं बहुतेकांच्या घरीं आतां कागदी संग्रहाबरोबर दुसराही एक संग्रह वाढूं लागला आहे. तो म्हणजे हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा. मूळ पोथी तिच्या धन्याकडे परत जाते, आपल्याजवळ तिचें छायाचित्र राहतें, व तें संगणकास बाहेरून जोडावयाच्या एका लहानशा डिस्कमध्यें सांठविलें जातें. या डिस्कची दुसरी प्रत करून ठेवावी हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु ती करणारे थोडे. यांत दोष केवळ आळसाचा नव्हे. संगणक जुना असला म्हणजे एका प्रतीस सबंध दिवस लागतो, मध्येंच वीज जाते, काम अर्धवट राहतें, व 'पुढील रविवारीं पाहूं' असें म्हणतां म्हणतां वर्ष सरतें.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असाच आहे. कोंकणांतील एका स्नेह्यांच्या घरीं असलेल्या बाडाचीं सुमारें तीनशें छायाचित्रें मीं २०१७ सालच्या उन्हाळ्यांत घेतलीं. बाडांत त्या घराण्याच्या वतनासंबंधीं कांहीं यादी, थोडीं पत्रें व एका काशीयात्रेचा जमाखर्च होता. छायाचित्रें एका डिस्कवर ठेविलीं. दुसरी डिस्कही विकत आणिली. पण ती सहा महिने वेष्टनांतच राहिली. पुढें पहिली डिस्क एके दिवशीं खटखट असा आवाज करूं लागली व वाचतां येईनाशी झाली. स्नेह्यांस पत्र लिहून बाड पुनः मागितलें, तों मधल्या पावसाळ्यांत माळ्यावर पाणी उतरून व मागाहून वाळवी लागून त्याचा लगदा झाल्याचें उत्तर आलें. त्या बाडांतील मजकुरापैकीं आज माझ्या वहींत उतरून घेतलेलीं अकरा पानें मात्र शिल्लक आहेत.

या हानीचें कारण शोधीत गेल्यास तें संगणकाच्या पाठीमागील मंद पोर्टापर्यंत येऊन ठेपतें. प्रत करण्याचें काम जलद होतें तर तें त्याच आठवड्यांत झालें असतें. मंद पोर्टावरील उपाय अल्प खर्चाचा व अर्ध्या तासाचा आहे : संगणकाच्या पोटांत एक लहानसें कार्ड बसवावयाचें. त्यासाठीं नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. हें कार्ड कसें निवडावें, कसें बसवावें, व बसविल्यावर होणाऱ्या प्रतीचा पडताळा कसा घ्यावा, एवढें सांगणें हेंच या लेखाचें प्रयोजन.

परिभाषेविषयीं एक खुलासा करणें इष्ट आहे. कार्ड यास 'विस्तारफलक' व पोर्ट यास 'द्वार' असे संस्कृत शब्द योजितां येतील. परंतु ते घेऊन दुकानांत गेल्यास वस्तु हातीं पडणार नाहीं. म्हणून बाजारांत रूढ असलेले शब्दच येथें ठेविले आहेत.

२. वेगाचा हिशेब

आपल्या बाह्य डिस्का बहुधा यूएसबी या नांवाच्या जोडणीनें संगणकास लागतात. या जोडणीची दुसरी आवृत्ति एप्रिल २००० मध्यें प्रसिद्ध झाली. तिचा वेग सेकंदास ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा वेग ६० मेगाबाइट होतो. पण ही कागदावरील मर्यादा. प्रत्यक्षांत ३० ते ४० मेगाबाइटांहून अधिक पदरांत पडत नाहींत. तिसरी आवृत्ति नोव्हेंबर २००८ मध्यें आली. तिचा वेग सेकंदास ५ गिगाबिट. यांतील प्रत्येक दहा बिटांमागें आठच बिट मजकुराचे असतात व दोन संकेतांची लय राखण्यांत खर्च होतात; तेव्हां मर्यादा ५०० मेगाबाइट ठरते. फिरत्या तबकडीची साधी बाह्य डिस्क सेकंदास सुमारें १०० ते १३० मेगाबाइटच देऊं शकते. म्हणजे दुसऱ्या आवृत्तींत रस्ता डिस्कहून अरुंद होता, तिसरींत तो डिस्कहून पुष्कळ रुंद झाला.

आपल्या कामास हा हिशेब लावून पाहूं. दहा इंच लांब व साडेचार इंच रुंद असें पोथीचें एक पान घ्या. इंचास ४०० बिंदु या मानानें त्याचें रंगीत चित्र घेतल्यास एका बाजूचे ४००० गुणिले १८०० म्हणजे ७२ लक्ष बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट, म्हणून चित्र न आवळतां ठेविल्यास एका बाजूस २१.६ मेगाबाइट लागतात. दोनशें पानांच्या पोथीच्या चारशें बाजू, त्यांस ८.६४ गिगाबाइट. अशा शंभर पोथ्यांचा संग्रह ८६४ गिगाबाइटांचा होतो. सेकंदास ३५ मेगाबाइट या जुन्या वेगानें त्याच्या एका प्रतीस ६ तास ५१ मिनिटें लागतात. १२० मेगाबाइट या नव्या वेगानें बरोबर २ तास. सात तासांचें काम लांबणीवर पडतें. दोन तासांचें काम सकाळीं लावून दिल्यास जेवणापूर्वीं उरकतें. सर्व फरक एवढाच, परंतु संग्रहाचें जीवित त्यावर अवलंबून आहे.

३. स्लॉटांची शकावली

संगणकास मागाहून नवें अवयव जोडतां येतें याचें कारण त्याच्या मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डावर, रिकामे स्लॉट ठेविलेले असतात. ही प्रथा घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९७७ सालच्या ॲपल दोन या संगणकास आठ स्लॉट होते. ऑगस्ट १९८१ मध्यें निघालेल्या आयबीएमच्या पीसीस पांच. १९८४ मध्यें त्याच कंपनीच्या एटी संगणकाबरोबर १६ बिटांचा रुंद स्लॉट आला. त्या काळीं कार्डावरील बारीक टोप्या हातानें इकडून तिकडे बसवून कोणत्या कार्डानें कोणता मार्ग वापरावा तें ठरवावें लागे, आणि दोन कार्डांस एकच मार्ग मिळाला तर दोन्हीं अडून बसत.

१९९२ मध्यें इंटेल कंपनीनें पीसीआय नांवाचा स्लॉट प्रचारांत आणिला. यांतील कार्ड स्वतःची ओळख संगणकास स्वतः सांगतें, त्यामुळें टोप्या बसविण्याचें काम गेलें. याची एकंदर वहनशक्ति सेकंदास १३३ मेगाबाइट असे व ती सर्व कार्डांत वांटली जाई. २००३ पासून पीसीआय एक्स्प्रेस आला. हा नांवानें पहिल्याचा वंशज दिसतो, पण रचनेनें निराळा आहे. यांत प्रत्येक कार्डास स्वतंत्र वाट असते. पहिल्या पिढीच्या एका वाटेवरून एका दिशेस सेकंदाला २५० मेगाबाइट जातात; २००७ च्या दुसऱ्या पिढींत ५००; २०१० च्या तिसऱ्या पिढींत सुमारें ९८५. नवें कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटांत चालतें व जुनें नव्यांत. दोहोंपैकीं जो मंद त्याच्या वेगानें काम होतें.

या शकावलीवरून संग्राहकानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. ज्या संगणकांत केवळ जुना पीसीआय स्लॉट आहे त्यांत यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीचा खरा लाभ मिळत नाहीं. तेथें पैसा घालूं नये. उलट पीसीआय एक्स्प्रेसचा अगदीं पहिल्या पिढीचा स्लॉट असला तरी त्याचे २५० मेगाबाइट फिरत्या तबकडीच्या एका डिस्कला पुरून उरतात. तेथें संकोच करूं नये.

४. खरेदीपूर्वींची परीक्षा

कार्ड आणण्यापूर्वीं संगणक उघडून पाहणें अवश्य आहे. मीं तसें न करितां आधीं दुकान गांठलें, व मोठ्या कॅबिनेटाचें कार्ड लहान कॅबिनेटासाठीं घेऊन आलों. तें बदलून आणण्यास दुसरी फेरी पडली. पुढील पांच गोष्टी पाहिल्यास ती फेरी वांचेल.

पहिली गोष्ट, कार्डाची गरज आहे किंवा नाहीं. तिसऱ्या आवृत्तीच्या पोर्टांतील जीभ बहुधा निळ्या रंगाची असते. रंग हा संकेत आहे, नियम नव्हे. खात्रीचें लक्षण म्हणजे आंतील धातूच्या पट्ट्या. दुसऱ्या आवृत्तींत त्या ४ असतात, तिसरींत ९. अशीं पोर्टें आधींच असल्यास कार्डाचें काम नाहीं. संगणक मांडीवरचा, म्हणजे लॅपटॉप, असल्यास त्यांत हे स्लॉट नसतात व हा लेख त्यास लागू नाहीं.

दुसरी गोष्ट, रिकामा स्लॉट. पीसीआय एक्स्प्रेसचा सर्वांत आंखूड स्लॉट सुमारें २५ मिलिमीटर लांब असतो. त्यास एक वाटेचा स्लॉट म्हणतात. सर्वांत लांब, सोळा वाटांचा, ८९ मिलिमीटर असतो व त्यांत पुष्कळदां चित्रासाठींचें कार्ड बसविलेलें असतें. यूएसबीचें साधें कार्ड एक वाटेचें असतें. आंखूड स्लॉट रिकामा नसल्यास तेंच कार्ड लांब स्लॉटांतही चालतें. पुढील भाग मोकळा राहिला तरी बाध येत नाहीं. जुन्या पीसीआय स्लॉटांत मात्र तें शिरत नाहीं. खांचेची जागा निराळी असल्यामुळें तें तेथें घालण्याचा आग्रह धरूं नये.

तिसरी गोष्ट, उंची. कार्डाच्या टोंकास धातूची उभी पट्टी असते व तीवरून तें कॅबिनेटास आवळलें जातें. पूर्ण उंचीची पट्टी सुमारें १२० मिलिमीटर, आंखूड सुमारें ८०. सडपातळ कॅबिनेटास आंखूड लागते. कांहीं कार्डांबरोबर दोन्ही पट्ट्या येतात. शक्य तों अशींच घ्यावीं.

चवथी गोष्ट, वीज. तिसऱ्या आवृत्तीचें एक पोर्ट ५ व्होल्टांवर ९०० मिलिअँपियर देण्यास बांधलेलें आहे. चार पोर्टांस मिळून १८ वॅट झाले. आणि पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटांत ३.३ व १२ व्होल्ट मिळतात, ५ व्होल्ट मुळींच नाहींत. म्हणून कार्डास ५ व्होल्ट स्वतः तयार करावे लागतात, नाहीं तर वीजपुरवठ्याच्या डब्याकडून निराळी तार घ्यावी लागते. या डब्यास बाजारांत एसएमपीएस म्हणतात. निराळ्या तारेची सोय असलेलें कार्ड घेणें श्रेयस्कर. तार दोन प्रकारची असते : चपटी, १५ पट्ट्यांची, किंवा जुनी, ४ जाड खुंट्यांची, जीत पिवळी तार १२ व्होल्टांची, तांबडी ५ व्होल्टांची व दोन काळ्या परतीच्या. आपल्या डब्यास यांपैकीं कोणतें टोंक मोकळें आहे तें पाहून त्याप्रमाणें कार्ड मागावें.

पांचवी गोष्ट, संगणकाची कार्यप्रणाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून पुढें या कार्डांची ओळख प्रणालींतच असते. लिनक्समध्यें ती २००९ पासून आहे. विंडोज ७ मध्यें ती नाहीं. तेथें कार्ड करणाऱ्यानें दिलेला ड्रायव्हर, म्हणजे ओळख करून देणारी आज्ञावली, घालावी लागते. ती आधींच दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावी. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीं व विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली. असा संगणक इंटरनेटास न जोडतां केवळ प्रती करण्याच्या कामीं ठेविल्यास अद्याप उत्तम सेवा देतो.

ई-साटा नांवाची दुसरी एक जोडणी २००४ पासून आहे व तिचींही कार्डें मिळतात. तिची केबल दोन मीटरांपर्यंत चालते. परंतु तींतून वीज जात नसल्यामुळें डिस्कला निराळा वीजपुरवठा लागतो. ज्याच्याजवळ त्या जातीची जुनी डिस्क आहे त्यानेंच तिचा विचार करावा.

५. बसविण्याचा विधि

आरंभीं संगणकांतील महत्त्वाचा मजकूर बाहेर काढून ठेवावा. कार्ड बसवितांना तो नष्ट होण्याचें कारण नाहीं; तथापि जुन्या यंत्रास हात लावण्यापूर्वीं हें केलेलें बरें. नंतर संगणक रीतसर बंद करून भिंतींतील प्लग काढावा. बटण बंद केलें एवढ्यावर भागवूं नये. प्लग काढल्यावर संगणक चालू करण्याचें बटण दहा सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. मागील सर्व तारा काढाव्या. कोणती कोठें होती तें विसरण्याची भीति असल्यास आधीं एक छायाचित्र घ्यावें.

आतां अंगांतील विजेविषयीं. कोरड्या हवेंत घर्षणानें अंगावर वीज सांठते व तिच्या एका ठिणगीनें, जी आपणांस जाणवतही नाहीं, कार्डावरील सूक्ष्म भाग बिघडूं शकतो. हिवाळ्यांत हा धोका अधिक. म्हणून रेशमी सोवळें नेसून किंवा लोकरीची शाल पांघरून हें काम करूं नये. सुती वस्त्र असावें. कार्डास हात लावण्यापूर्वीं, व मधून मधूनही, कॅबिनेटाच्या रंग न दिलेल्या धातूस स्पर्श करावा. कार्ड कडेनें धरावें. खालच्या सोनेरी पट्ट्यांस बोट लावूं नये. पोथीच्या अक्षरांवर बोट न फिरविण्याची जी संवय आपणांस आहे ती येथें उपयोगी पडते.

कॅबिनेट आडवें निजवावें, म्हणजे मदरबोर्ड खालीं सपाट येतो व कार्ड वरून सरळ दाबतां येतें. बाजूचें झांकण काढावें. आंत धूळ असल्यास मऊ कोरड्या कुंचल्यानें झाडावी. मात्र पोथ्यांचा कुंचला येथें वापरूं नये व येथील कुंचला पोथ्यांस लावूं नये. योजिलेल्या स्लॉटासमोर कॅबिनेटाच्या पाठीस एक आंधळी पट्टी असते. तिचा स्क्रू काढून पट्टी काढावी. कांहीं कॅबिनेटांत ती मोडून काढावी लागते. तिची कड धारदार असते, बोट जपावें. निघालेले स्क्रू एका वाटींत ठेवावे. मदरबोर्डावर पडलेला स्क्रू तसाच राहून वीज सुरूं झाली तर सारेंच जळूं शकतें.

कार्डाची खांच व स्लॉटांतील आडवा बांध समोरासमोर आणावा. मग दोन्ही टोंकांवर सारखा भार देऊन कार्ड सरळ खालीं दाबावें. तें तिरपें करूं नये, डोलवूं नये. थोडा जोर लागतो; पण पुष्कळ लागत असेल तर कांहीं चुकलें आहे असें समजून थांबावें. बरोबर बसलेल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्या सर्वत्र सारख्या बुडालेल्या दिसतात. एक टोंक वर राहिलें असेल तर पुनः दाबावें. कार्ड पुरतें बसल्यावरच धातूच्या पट्टीचा स्क्रू आवळावा. आधीं स्क्रू आवळल्यास कार्डाचें मागील टोंक उचललें जातें, व नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक हीच. शेवटीं विजेची तार जोडावी. तिचें टोंक एकाच बाजूनें जातें. उलट घालण्याचा प्रयत्न करूं नये. पंख्यांत कोणतीही तार अडकत नाहीं असें पाहून झांकण लावावें.

तारा पूर्ववत् जोडून संगणक चालू करावा. विंडोजमध्यें डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरांच्या यादींत नवी नोंद आली आहे किंवा नाहीं तें पाहावें. पिवळें चिन्ह दिसल्यास ड्रायव्हर घालावयाचा राहिला आहे. पहिल्या परीक्षेस आपली मौल्यवान डिस्क केव्हांही लावूं नये. रिकामी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावून, कांहीं मजकूर घालून व परत वाचून पाहावा. मगच संग्रहाची डिस्क जोडावी.

६. दोष व त्यांचे परिहार

कार्ड मुळींच ओळखलें जात नसल्यास संगणक बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर काढून पुनः बसवावें. निम्म्याहून अधिक तक्रारी येवढ्यानें मिटतात असा माझा अनुभव आहे. न मिटल्यास दुसरा स्लॉट पाहावा.

डिस्क लागते, पण मध्येंच तुटते, असें झाल्यास विजेचा तुटवडा समजावा. निराळी तार जोडली आहे कीं नाहीं तें पाहावें, व एका वेळीं दोनच डिस्का लावाव्या.

सर्व कांहीं ठीक दिसून वेग मात्र जुनाच राहणें हा दोष सर्वांत फसवा आहे. मीं कार्ड बसविलें त्या दिवशीं प्रतीस पूर्वींइतकाच वेळ लागला. कार्ड खोटें निघालें असें समजून मी दुकानदाराशीं भांडण्याच्या तयारीनें निघालों होतों. सुदैवानें निघण्यापूर्वीं केबलकडे लक्ष गेलें. बाह्य डिस्कच्या बाजूस तिसऱ्या आवृत्तीचें जें रुंद, दोन भागांचें तोंड असतें, त्याच्या एका भागांत दुसऱ्या आवृत्तीची जुनी अरुंद केबल बेमालूम बसते व चालतेही. केवळ जुन्या वेगानें. नव्या केबलींतच त्या अधिक पांच तारा असतात. डिस्कबरोबर आलेली मूळ केबल पेटींतून शोधून लावली व वेग तिपटीहून अधिक झाला. डिस्क, केबल व पोर्ट हीं तिन्हीं तिसऱ्या आवृत्तीचीं असल्यावांचून फळ नाहीं. तसेंच प्लग फार सावकाश घातल्यास जुन्या चार पट्ट्या आधीं टेंकून जोडणी जुन्या वेगानें ठरण्याचा संभव असतो. प्लग काढून एका दमांत घालावा. लिनक्समध्यें जोडण्यांची यादी मागितली असतां प्रत्येक उपकरणापुढें ४८० किंवा ५००० असा मेगाबिटांचा आंकडा येतो. त्यावरून निर्णय तात्काळ होतो.

बिनतारी माउस अडखळूं लागल्यास घाबरूं नये. तिसऱ्या आवृत्तीच्या जोडणींतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास उपद्रवी लहरी उठतात व बिनतारी माउस बहुधा त्याच टप्प्यांत चालतो. त्याचें ग्राहक टोंक कार्डापासून दूर, पुढील पोर्टांत लावावें. आणि मोठी फाइल डिस्कवर जात नसेल तर तो कार्डाचा दोष नव्हे : फॅट ३२ या पद्धतीनें आंखलेल्या डिस्कवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाहीं. अशी डिस्क पुनः आंखावी लागते. पण तसें करितांना तीवरील सर्व मजकूर पुसला जातो हें विसरूं नये.

७. प्रतीचा पडताळा

येथवर आलेला वाचक काम संपलें असें मानील. तें संपलेलें नाहीं. पोथ्यांच्या अभ्यासकांस प्रत म्हणजे काय हें सांगावयास नको. लेखक कितीही सावध असला तरी ओळ गळते, अक्षर पालटतें. म्हणून तर अनेक लेखक पोथीच्या शेवटीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, अशी विनंति करितात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली तिचा सारा आधार प्रतींच्या परस्पर पडताळ्यावर होता. संगणकाची प्रत सामान्यतः निर्दोष असते खरी, परंतु सामान्यतः आणि निश्चित यांत अंतर आहे. सैल केबल, खचती डिस्क, मध्येंच गेलेली वीज यांमुळें एखादी फाइल अर्धी लिहिली जाते, आणि नांव व तारीख मात्र बरोबर दिसते.

यास उपाय आहे. प्रत्येक फाइलींतील सर्व बाइटांवर एक ठराविक गणित करून तिची मुद्रा काढतां येते. शा-२५६ या रीतीनें निघालेली मुद्रा ६४ चिन्हांची असते. मूळ फाइलींतील एक बिट जरी बदलला तरी मुद्रा ओळखूं न येण्याइतकी पालटते. मूळ डिस्कवरील फाइलींच्या मुद्रांची यादी करावी, प्रतीवरील फाइलींची तशीच यादी करावी, व दोन्ही यादी संगणकाकडूनच ताडून घ्याव्या. विंडोज व लिनक्स या दोहोंत याचीं साधनें विनामूल्य आहेत. एक सावधगिरी मात्र हवी : प्रत होतांच लगेच मुद्रा काढल्यास संगणक पुष्कळदां डिस्कवरून न वाचतां आपल्या स्मृतींत नुकताच राहिलेला मजकूर वाचतो. म्हणून प्रतीची डिस्क रीतसर सोडवून, काढून, पुनः जोडावी व मगच पडताळा घ्यावा. मुद्रांची यादी डिस्कबरोबर जपून ठेवावी. पुढें वर्षानें याच यादीवरून डिस्क खचूं लागली आहे किंवा नाहीं तें कळतें.

वरील शंभर पोथ्यांच्या संग्रहाचा पडताळा घ्यावयाचा म्हणजे तो सर्व पुनः एकदां वाचावयाचा. जुन्या पोर्टानें प्रत व तिचा पडताळा मिळून जवळ जवळ चौदा तास होतात, नव्यानें चार. चौदा तासांचा पडताळा कोणी घेत नाहीं हें उघड आहे. म्हणून या कार्डाचा लाभ मी केवळ वेगांत मोजीत नाहीं. पडताळा घेणें त्यामुळें शक्य झालें, हा त्याचा मुख्य गुण.

८. उपसंहार

दोन प्रती झाल्या म्हणजे त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, व शक्य तर दुसऱ्या गांवीं ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. अशा प्रसंगीं एकाच कपाटांतील दोन प्रती एकीसारख्याच. पूर्वींचे लेखक पोथीस तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून जपावें असें लिहून ठेवीत. डिस्कलाही शत्रु आहेत. ओल, धक्का, जुनी केबल व आपली दिरंगाई हे त्यांतील मुख्य. पहिल्या तिघांचा बंदोबस्त बाजारांतील वस्तूंनीं होतो. चौथ्याचा बराचसा या कार्डानें होतो.

माझ्या दुसऱ्या डिस्कचें वेष्टन आतां निघालें आहे व तीवर संग्रहाची पडताळलेली प्रत आहे. तिसरी प्रत माझे एक जुने विद्यार्थी आपल्या गांवीं घेऊन गेले आहेत. त्या कोंकणांतील बाडाचीं अकरा पानें, माझ्या हस्ताक्षरांतील, तिन्हींवर आहेत. बाकीचीं नाहींत. ज्यांच्या कपाटांत दुसरी डिस्क अद्याप वेष्टनांत पडून आहे, त्यांनीं पुढील रविवारची वाट न पाहतां संगणकाची पाठ आजच तपासावी, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करितों.